तुळजापूरची कवडी

तुळजापुरास गेलात की देवीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ हटकून दिसते. आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही समुद्रातील ही वस्तू येथे मोठ्या भक्तीने धारण केली जाते. समुद्रकाठची वस्तू इकडे यावी, यात नवल नाही. आपल्याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक ग्रंथात, समुद्रकाठचा माल तगरास येत असल्याचा उल्लेख आहे. पण कवडी म्हणजे मुळात काय?

मी शिक्षक असताना एका मुलीने हाच प्रश्न विचारला, तेव्हा ‘तो एक शिंपला आहे’ असे सांगून मी मोकळा झालो. ती म्हणाली, “गुरुजी, शिंपल्याला दोन झाकणे असतात. हिचे दुसरे कुठे आहे?” मी निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी तिने आजीच्या माळेतून गळालेली एक कवडी आणली. तिची पाठ फुटलेली होती आणि आत शंखासारखे वेटोळे स्पष्ट दिसत होते! कवडी हा शिंपला नव्हे. ती एका समुद्री गोगलगायीचे घर होय.

हा प्राणी लहान असताना त्याचे कवच साध्या गोगलगायीच्या शंखासारखेच पातळ व वेटोळेदार असते. पुढे शेवटचा वेढा इतका वाढतो की आधीचे सारे वेढे त्याच्या पोटात दडतात. मग कवचाची कड आत वळते व तिला दाते फुटतात. ते काही खाण्याचे दात नव्हेत. खाण्याचे दात प्राण्याच्या जिभेवर, कानशीसारख्या पट्टीवर असतात. जिवंतपणी त्याच्या अंगाचा मऊ पडदा बाहेर येऊन कवचाला पांघरूण घालतो. या पडद्याला प्रावार म्हणतात. त्याच्यामुळेच कवडी एवढी गुळगुळीत राहते.

2022 साली आपल्याकडील सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणारी शंखी गोगलगाय तुम्ही पाहिली असेल. ती आणि कवडी दोघीही मृदुकाय संघातील उदरपाद वर्गाच्या. उदरपाद म्हणजे पोटाच्या तळव्याने सरकणारे. पुढे मात्र त्यांची कुळे निराळी होतात.

स्वीडनच्या लिनीअसने 1758 साली आपल्या कवडीला ‘सायप्रिया मोनेटा’ असे नाव दिले. ‘मोनेटा’ या लॅटिन शब्दाचा संबंध नाण्याशी आहे, आणि ते योग्यच होते. मालदीव बेटांतील कवड्या बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नाणे म्हणून चालत. ‘सायप्रिया’ ही प्रजाती, ‘मोनेटा’ ही जाती. पुढे पुष्कळ काळ लहानमोठ्या बहुतेक सर्व कवड्या या एकाच प्रजातीत घातल्या जात. जगात कवड्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. एवढे बिऱ्हाड एका खोलीत किती दिवस राहणार?

केवळ कवच पाहून नाते ठरविणे म्हणजे अंगरखा पाहून भाऊ ओळखण्यासारखे आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी आतील प्राणी तपासला. त्याचे दात, त्याचा प्रावार आणि अलीकडे त्याचे आनुवंशिक द्रव्यही. आज आपली कवडी ‘मोनेटारिया’ या प्रजातीत आहे. हे प्रजातीनाम जर्मन शास्त्रज्ञ ट्रोशेल याने 1863 साली दिले. ठिपक्यांची मोठी व्याघ्रकवडी मात्र ‘सायप्रिया’तच राहिली. गंमत अशी की सर्पमुखी म्हणविणारी तपकिरी, ठिपकेदार कवडी दिसायला अगदी वेगळी असूनही ‘मोनेटारिया’चीच बहीण ठरली.

माळेतील कवड्या नीट पाहिल्यात तर काहींच्या पाठीवर सोनेरी कडे आढळेल. ती ‘मोनेटारिया ॲन्युलस’, म्हणजे कडेवाली. कोनदार, उंचवटे असलेली पिवळसर ती ‘मोनेटा’.

ती फुटकी कवडी शाळेच्या संग्रहात ठेवावी, असे मला वाटत होते. पण मुलीने ती परत मागितली. आजीला ती माळेत पुन्हा ओवायची होती.