ओटेरो मेसा

ओटेरो मेसा हा अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील विस्तीर्ण गवताळ प्रदेश आहे. राज्याच्या दक्षिण भागातील ओटेरो काउंटीत, टेक्सासच्या सीमेलगत तो पसरला असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२ लाख एकर आहे. येथील बहुतेक जमीन सार्वजनिक मालकीची असून तिचे व्यवस्थापन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट ही केंद्रीय संस्था करते. तेल व वायूच्या विहिरींवरून झालेला वाद आणि त्यावरील २००९ सालचा न्यायालयीन निकाल यांमुळे हा प्रदेश विशेष परिचित झाला.

निसर्ग

हा प्रदेश चिवावा वाळवंटाचा भाग आहे. ब्लॅक ग्रामा हे येथील प्रमुख गवत. ते बियांपेक्षा जमिनीलगत पसरणाऱ्या खोडांपासून अधिक वाढते. त्यामुळे एकदा उखडले गेल्यास पुन्हा रुजण्यास दीर्घ काळ लागतो. हरणासारखा दिसणारा प्राँगहॉर्न, बिळात राहणारा प्रेअरी डॉग व सोनेरी गरुड येथे आढळतात. दुर्मीळ अप्लोमाडो ससाण्यासाठीही हा अधिवास अनुकूल मानला जातो. आलामो पर्वतावर प्राचीन शिलाचित्रे कोरलेली आहेत.

भूजल

या भूमीखाली सॉल्ट बेसिन हा मोठा जलधर, म्हणजे भूजल साठवणारा खडकांचा थर, आहे. कमी पावसाच्या या भागात त्याचे मोल मोठे आहे. तेल व वायूबरोबर खारट सांडपाणीही वर येते आणि ते बहुधा खोल विहिरींद्वारे पुन्हा जमिनीत सोडले जाते. येथील खडकांत भेगा असल्याने ते गोड्या पाण्यात मिसळण्याची भीती व्यक्त झाली.

वाद

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे नैसर्गिक वायू सापडला. त्यानंतर ब्युरोने विहिरींसाठी आराखडा तयार केला. मूळ प्रस्तावात विहिरी अस्तित्वातील रस्त्यांजवळच ठेवण्याची अट होती. ती पुढे वगळण्यात आली आणि तिच्याऐवजी जमिनीच्या ५ टक्क्यांपर्यंतच्या भागात, परंतु कोठेही, काम करण्याची मुभा देण्यात आली. २००५ साली आराखडा मंजूर झाल्यावर गव्हर्नर बिल रिचर्डसन यांच्या नेतृत्वाखालील राज्य शासन आणि पर्यावरणवादी संस्थांनी न्यायालयात धाव घेतली.

निकाल

अपील न्यायालयाच्या दहाव्या मंडळाने एप्रिल २००९ मध्ये निकाल दिला. राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यानुसार आवश्यक असलेला अभ्यास ब्युरोने पुरेसा केला नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्यातील प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे :

• संपूर्ण मेसा विहिरींसाठी बंद ठेवण्याच्या पर्यायाचा विचार झाला नव्हता.
• जलधरावरील परिणाम किरकोळ ठरेल, या निष्कर्षाला पुराव्याचा आधार नव्हता.
• बाधित जमीन तेवढीच असली, तरी ती कोठे आहे याला महत्त्व आहे. विखुरलेल्या विहिरींमुळे अधिवासाचे तुकडे पडतात. म्हणून बदललेल्या आराखड्याचा नव्याने अभ्यास आवश्यक होता.

सार्वजनिक जमिनीचा 'बहुविध उपयोग' याचा अर्थ खनिज विकासालाच प्राधान्य असा होत नाही. संवर्धन हाही एक उपयोग आहे, असे न्यायालयाने नमूद केले.

महत्त्व

या निकालाने विहिरींवर कायमची बंदी घातली नाही. परवानगीपूर्वी भूजल व अधिवास यांचा विचार करण्याचे बंधन मात्र त्याने अधोरेखित केले. ओटेरो मेसाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देऊन कायमचे संरक्षण द्यावे, अशी मागणी संवर्धनवाद्यांनी केली आहे.