पक्षी आणि पारध – लेखांक ७ : नवरदेव जागचा हलत नाही

मागच्या लेखांकाच्या शेवटी एक गोष्ट सांगितली होती. वसंतात रानटर्कीचा नर झाडावरून ओरडतो आणि माद्या त्याच्याकडे चालत जातात. स्थळं त्याच्या दारी येतात. तो पिसारा फुलवून, पंखांची टोकं जमिनीवर घासत आपल्या जागी मिरवत राहतो. शिकारी मात्र मादीचा आवाज काढून त्यालाच उठून यायला सांगत असतो. म्हणजे घरची रीत उलटी करायला सांगत असतो. अमेरिकेत वसंतातल्या टर्कीच्या शिकारीत ज्या युक्त्या चालतात, त्यांतल्या बहुतेक या एकाच अडचणीवरचे उपाय आहेत.

पोल्ट्रीतला टर्की पाहिलेल्यांना हा पक्षी जड आणि मंद वाटतो. रानातला नर आठ-दहा किलोंचा असतो खरा, पण तो उडतो, झाडावर झोपतो आणि पळू लागला की माणसाच्या हाती लागत नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला जवळपास तीनशे अंशांतलं दिसतं, तेही रंगीत. मान जराशी फिरवली की पाठही झाकली जाते. नाक दुबळं, त्यामुळे हरणाच्या मागावर असताना वाऱ्याची जी काळजी घ्यावी लागते ती इथे नाही. पण कान असे, की दूरवरून आलेली हाक कुठल्या बुंध्याशी उठली ते त्याला कळतं. या कानांमुळेच शिकार साधते आणि फसतेही. हाक आली त्या जागेवर तो नजर लावतो, आणि तिथे मादी दिसली नाही तर थांबतो.

तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. दिवस मावळताना नर झोपायच्या झाडावर जातो. त्या वेळी मोठा आवाज झाला की त्याच्या तोंडून 'गॉबल' निघून जातं, जवळजवळ न कळत. ढगांचा गडगडाट, मोटारीचं दार आपटणं, काहीही पुरतं. शिकारी बार्ड घुबडाचा आठ ठोक्यांचा घुत्कार काढतात. उत्तर आलं की झाड कळलं. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच, विजेरी न लावता, त्या झाडापासून शंभर-सव्वाशे यार्डांवर जाऊन बसायचं. आणखी जवळ जायचा मोह नवख्यांना होतो. पण वाळक्या पानांतून सरकणारा माणूस वरून एकदा दिसला की ती सकाळ गेली.

तीन वर्षांपूर्वी मिसुरी राज्यात, मार्क ट्वेन राष्ट्रीय वनातल्या ओझार्कच्या टेकड्यांमध्ये, मी एका जुन्या शिकाऱ्याच्या शेजारी बसले होते. बंदूक त्यांची, मी नुसती बघायला. उजाडताना नर खाली उतरला, त्यांच्या प्रत्येक हाकेला त्याने ओ दिली, सत्तर पावलांवर आला आणि थांबला. चाळीस मिनिटं तिथल्या तिथे पिसारा फुलवून फिरला. मग निघून गेला. मला वाटलं, आपण हललो असू. त्यांनी मान हलवली आणि उठून मला पुढे नेलं. तिथे एक ओढा होता, घोटाभर पाण्याचा. "मनात आणलं तर एका झेपेत अलीकडे येईल," ते म्हणाले, "पण बायकोसाठी नाही येणार. त्याच्या मते तिने यायचं."

म्हणून जागेची निवड ही या शिकारीतली सगळ्यांत मोठी विद्या आहे. आवाज काढण्याचं कसब तिच्या मागून येतं, असं माझं ठाम मत झालं आहे. पक्षी आणि आपण यांच्यामध्ये ओढा, कुंपण, घळ, दाट झुडूप काहीच नको. त्याला उतरावं लागण्यापेक्षा चढून किंवा सपाटीवरून येता आलं तर बरं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: हाक आलेली जागा त्याला दिसेल, तेव्हा तो आधीच बंदुकीच्या टप्प्यात असला पाहिजे. मोकळ्या कुरणाच्या कडेला बसलात तर दीडशे यार्डांवरूनच त्याला कळतं की तिथे मादी नाही. तेच टेकाडाच्या माथ्याच्या जरा अलीकडे किंवा जुन्या लाकूडवाटेच्या वळणाशी बसलात, तर मादी शोधायला त्याला माथा चढावा लागतो, वळण ओलांडावं लागतं. छर्ऱ्याच्या बंदुकीचा भरवशाचा टप्पा चाळीस यार्ड, म्हणजे साधारण ३६ मीटर. नेम डोक्यावर आणि मानेवर धरतात. पिसांनी भरलेल्या अंगावर बार टाकला तर पक्षी जखमी होऊन पळतो आणि रानात कुठेतरी मरतो.

दोघे असले तर बंदूकवाला पुढे आणि हाका घालणारा चाळीस-पन्नास पावलं मागे बसतो. नर हाकेपासून लांब अडून राहिला तरी बंदुकीच्या समोरच अडतो. तरीही पाऊल टाकेना, तर हाका घालणारा तोंड फिरवून मागे मागे जातो. मादी कंटाळून निघाली असं वाटलं की अडून बसलेला नर कधी कधी धावत येतो.

हाकांची साधनं बरीच आहेत. झाकण कडेवर घासायची लाकडी पेटी अर्कान्सॉच्या हेन्री गिब्सनने १८९७ मध्ये पेटंट केली, आणि त्याच घडणीच्या पेट्या आजही विकल्या जातात. पाटीच्या दगडाच्या चकतीवर काडी घासून आवाज काढतात. टाळूला लावायची पातळ पडद्याची शिट्टी हात मोकळे ठेवते, म्हणून शेवटच्या क्षणी तीच उपयोगी. साधन कुठलंही असो, बहुतेकांची चूक एकच: फार बोलणं. झाडावर असलेल्या नराला मादीच्या दोन-तीन हळू हाका, 'येल्प', पुरेत. सतत हाका घातल्या की तो झाडावरच बसून गॉबल करत राहतो, कारण मादी येतेच आहे अशी त्याची खात्री असते. उत्तर मिळालं की गप्प बसावं. हाताने पानं उकरावीत, चरणाऱ्या मादीसारखी: दोन-तीन फटके, मग थांबा. हा आवाज मला सगळ्या शिट्ट्यांपेक्षा खरा वाटतो.

पहाटे नराभोवती खऱ्या माद्या असतील तर खोट्या मादीकडे तो कशाला बघेल? इथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे नराला सोडून कळपातल्या म्होरक्या मादीशी बोलायचं. ती जशी ओरडेल तशीच, जरा वरच्या पट्टीत नक्कल करायची. ती चिडून भांडायला आली की नर मागून येतो. दुसरी वाट वाट बघण्याची. मादी जमिनीवरच्या घरट्यात जवळपास रोज एक अशी दहा-बारा अंडी घालते आणि मग २८ दिवस उबवते. अंडी घालायला ती सकाळी उशिरा कळप सोडून जाते. दहा-अकराच्या सुमारास नर एकटा पडतो, आणि पहाटे ज्या हाकेकडे दुर्लक्ष केलं होतं तिची आठवण ठेवून त्या जागी येतो. पहाटेची हौस फिटलेले शिकारी तोवर नाश्त्याला गेलेले असतात.

असा एकटा, बिचकलेला नर बहुधा न ओरडता येतो. अशा वेळी ओळखायचं ते त्याच्या गुणगुणीवरून. थुंकल्यासारखा एक बारीक आवाज, आणि मागोमाग इतका खोल घुमारा, की तो कानांपेक्षा छातीत जाणवतो. मग फक्त डोकं दिसतं. या डोक्याचं नवल जुनं आहे. १६१२ साली मोगल सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून बादशहा जहांगीरासाठी एक टर्की नेला. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणत. त्याचं डोकं आणि मान कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी पिरोजासारखी निळी होते, याचं बादशहाला अपार नवल वाटलं. त्याने ते आत्मचरित्रात नोंदवलं. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काढलेलं त्या पक्ष्याचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. शिकारी तेच डोकं वाचतो. कपाळ पांढरं, गाल निळे, चोचीवरचा मांसल तुरा लांब लोंबता: नर प्रणयात रमला आहे. तुरा आखडून आखूड झाला आणि मान ताठ झाली, तर त्याला संशय आला आहे.

हेच तीन रंग माणसाच्या जिवावर उठू शकतात. लाल टोपी, पांढरा रुमाल, निळा शर्ट झाडीत क्षणभर दिसला की दुसऱ्या शिकाऱ्याला डोकं दिसल्याचा भास होतो. त्यामुळे हे रंग अंगावर नकोत. पाठीशी खांद्यांहून रुंद बुंधा हवा. गॉबल ऐकू आलं म्हणून त्या दिशेने सरपटत जाऊ नये. तो आवाज दुसऱ्या माणसाचा असू शकतो. कुणी जवळ येताना दिसलं तर हात न हलवता मोठ्याने बोलावं.

मिसुरीत आमिष टाकणं, रेकॉर्ड केलेल्या हाका आणि जिवंत पक्षी ठेवणं, तिन्हींना मनाई आहे. मादीचा बनावट पुतळा चालतो. आपल्याकडे फासेपारधी पाळीव तित्तिराच्या हाकेवर रानातले तित्तिर पकडत; ती पद्धत तिथे बसणार नाही. मोसम एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, म्हणजे बऱ्याच माद्यांचं मीलन उरकलेलं असतं, आणि नर किंवा छातीवर दाढीसारखा झुबका असलेलाच पक्षी मारता येतो. १९६० च्या पहिल्या वसंत मोसमात, तीन दिवसांत, राज्यात ९४ पक्षी मारले गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशभरात जेमतेम दोन लाख उरलेला हा पक्षी जाळ्यात पकडून नव्या रानांत सोडल्याने सावरला. गेल्या काही वर्षांत आग्नेयेकडच्या आणि मध्य भागातल्या राज्यांत तो पुन्हा कमी होतो आहे. म्होरके नर मोसमाच्या आरंभीच मारले तर प्रजनन विस्कटतं, असं जॉर्जिया विद्यापीठाचे मायकेल चेंबरलेन मांडतात. मोसम उशिरा उघडावा, हे मलाही पटतं.

त्या ओढ्याकडे आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, या वेळी पलीकडच्या काठाला, टेकाडाच्या अलीकडे. नऊला त्यांनी तीन येल्प दिले आणि पेटी खाली ठेवली. पावणेअकराला माझ्या छातीत तो घुमारा जाणवला. ओक वृक्षाच्या बुंध्यामागे डोकं गेलं, तेवढ्यात गुडघ्यावरची बंदूक चार बोटं डावीकडे सरकली. बार झाला तेव्हा अंतर सत्तावीस पावलं होतं. पायामागचा काटा सव्वा इंचाचा, टोकाला वळलेला. निदान तीन वसंत पाहिलेला पक्षी. त्यांनी त्याच्या पंखावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री दहाच्या आत राज्याकडे नोंद करावी लागते. त्यांनी ती मोटारीपर्यंत चालतानाच फोनवरून केली.

(पुढच्या आठवड्यात : पंखाच्या हाडाची शिट्टी कशी बनते)