बावीस श्रुतींची पेटी आणि मुकी पट्टी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत साताऱ्याचे एक न्यायाधीश आणि सांगलीचे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर एकाच ध्यासाने झपाटले होते. न्यायाधीश म्हणजे आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स, आणि डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल. पेटीतून आपल्या संगीताच्या बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातली सूक्ष्म स्वरस्थाने, वाजल्या पाहिजेत, असा दोघांचा आग्रह. देवलांचे ‘द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज’ 1910 साली प्रसिद्ध झाले. क्लेमंट्स यांचे पुस्तक 1913 मध्ये आले. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातल्या स्वरांची तारांवर पडताळणी झाली. शेवटी लंडनच्या मूर अँड मूर कंपनीने श्रुतींची हार्मोनियम बांधूनही दिली.

हा खटाटोप कशासाठी? हार्मोनियम पॅरिसमध्ये जन्मली. दबें यांचे पेटंट 1842 चे. आपल्याकडे आली ती सप्तकाचे बारा सारखे तुकडे करूनच. सप्तक 1200 सेंटचे धरले, तर पेटीचा शुद्ध गंधार 400 सेंटवर बसतो आणि तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार साधारण 386 वर. हे चौदा सेंट कान सहज पकडतो. अशा स्वरांमुळे गवयांना पेटी खुपत राहिली, आणि 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तर तिला दारच बंद केले.

पण स्वर वाढवायचे म्हणजे पट्ट्यांची मांडणी बदलायची, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. पेटीची पट्टी म्हणजे एक तरफ. पुढचे टोक दाबले की मागच्या टोकाखालची, चामडे किंवा फेल्ट लावलेली झडप उचलली जाते, भात्यातली हवा रीडवरून जाते आणि तिची पितळी जीभ थरथरते. बोट सोडले की तारेची स्प्रिंग झडप बंद करते. या साखळीतला एक दुवा जरी जागचा हलला, तरी पट्टी मुकी होते. मांडणी बदलताना नेमके हे दुवेच हलतात. पट्ट्या दाटीने बसवल्या की त्या एकमेकींना घासतात. तरफेची लांबी बदलली की झडप पुरती उघडत नाही. स्केल चेंजर पेटीत तर पट्ट्यांचा सगळा पाटाच सरकतो. तो खाचेत नीट न बसता मधेच राहिला, तर पट्टी दोन झडपांच्या मधल्या जागेवर येते आणि आवाज निघत नाही.

मुकी पट्टी हाती आली की आधी घाईने रीड काढू नये. वरचे झाकण उघडावे, भाता चालवत पट्टी दाबावी आणि कान द्यावा. हवेची फुसफुस अजिबात नसेल, तर दोष पट्टीत किंवा झडपेत आहे: पावसाळ्यात लाकूड फुगले असेल, पिन वाकली असेल, झडप चिकटली असेल. हवा वाहते आहे पण स्वर नाही, असे असेल तर दोष रीडचा. शंका उरली तर शेजारची रीड त्या जागी बसवून पाहावी. ती बोलली की पट्टी निर्दोष ठरते. रीडमध्ये बहुतेक वेळा जीभ आणि खाच यांच्यात धुळीचा कण अडकलेला असतो. पातळ कागद जिभेखालून अलगद फिरवला की तो निघतो. इथे सुरीचे टोक घालणाऱ्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण जीभ तसूभरही वाकली की तिचा बाज गेला. ती खाचेत फार खाली गेली तर जोराच्या हवेवर बोलत नाही, फार वर राहिली तर हवा खाते आणि उशिरा बोलते.

श्रुतीसाठी बदललेल्या पेटीत आणखी एक धोका असतो. जीभ टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. गंधार चौदा सेंट उतरवायला मुळाशी घासावे लागते, आणि मूळच तर सगळा ताण सोसते. तिथे हात जास्त चालला तर जीभ कमकुवत होते, पुढे तडकते आणि मग दुरुस्ती नाही, नवी रीडच हवी. म्हणून थोडे घासावे, रीड बसवावी, तंबोऱ्यावर पडताळावी, मग पुन्हा घासावे. पडताळणीला मिरजेचा तंबोरा असेल तर भाग्यच. सांगली जिल्ह्यातल्या या गावच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी नीट लागलेली असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार स्वच्छ ऐकू येतो. रीड त्याच्यापाशी आली की दोन स्वरांमधला डोल मंदावत जातो आणि थांबतो.

क्लेमंट्स-देवलांच्या पेटीची चर्चा 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत झाली, आणि संगीतशास्त्रज्ञ पंडित भातखंड्यांना या दोघांची श्रुतींची मांडणी पटली नाही. वाद शास्त्राचा होता. माझ्या मते हाताचा प्रश्नही तितकाच मोठा होता. बारा पट्ट्यांवर बसलेली बोटे नव्या मांडणीवर पुन्हा बसवणे हे वादकाला आयुष्यभराचे काम, आणि असे वाद्य बिघडले तर उघडणार कोण? साताऱ्या-सांगलीतल्या दोन चिकाटीच्या माणसांनी गंधाराचा प्रश्न इतक्या काटेकोरपणे मांडला, याबद्दल मात्र मला त्यांच्याविषयी मोठा आदर वाटतो.

ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी पुढे हीच गाठ दुसऱ्या बाजूने सोडवली. त्यांच्या पेटीत पट्ट्या बाराच आहेत. षड्ज आणि पंचम सोडून उरलेल्या दहांना दोन-दोन श्रुती, आणि ती बदलायला प्रत्येकीला एक खुंटी. दहा दुणे वीस, त्यात सा आणि प, अशा बावीस. बोटांना काही नवे शिकावे लागत नाही. दुरुस्ती करणाऱ्यालाही इथे एक सोय होते: खुंटीच्या एका स्थितीत पट्टी मुकी आणि दुसरीत बोलकी असेल, तर पट्टी सहसा ठीक असते आणि हात थेट त्या एका रीडकडे नेता येतो.