माडावरची कोयती

आक्षी-नागावपासून चौल-रेवदंड्यापर्यंत आणि तेथून खाली मुरूड-श्रीवर्धनकडे पसरलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतील जुन्या घरांचे माळे रिकामे करू लागले, की मोडक्या रहाटांच्या आणि तांब्यापितळेच्या अडगळीतून कधीकधी असे एक लोखंडी पाते हाती येते, की घरातील कर्त्या माणसालाही त्याचा उपयोग सांगता येत नाही. पाते वळणदार, रुंद आणि विलक्षण पातळ; मूठ आखूड. झावळ्या तोडण्याचा कोयता म्हणावा, तर त्याला असावी तशी पाठ जाड नाही. गवताचा विळा म्हणावा, तर रुंदी अवास्तव. आणि स्वयंपाकघराशी संबंध जोडावा, तर हे बसावे कशावर आणि चिरावे काय, असा प्रश्न पडतो.

अशा हत्याराची परीक्षा करताना आकारापेक्षा झिजेकडे आधी पाहावे, असे माझे मत आहे. आघात सोसणाऱ्या कोयत्याच्या धारेला खांडे पडतात. येथे खांडा नाही, पण वारंवार परजल्यामुळे पाते मध्यभागी खोल झिजलेले असते. म्हणजे काम तोडण्याचे नव्हे, तासण्याचे होते, तेही एखाद्या मऊ वस्तूचा कागदासारखा काप काढण्याचे. अशी वस्तू या वाड्यांत एकच: माडाची न उमललेली पोय. ही माडी काढणाऱ्या भंडाऱ्याची कोयती होय.

पोय फुटू नये म्हणून ती आवळून बांधावयाची, आतील पेशी सैल होऊन रस वाहता व्हावा म्हणून कित्येक दिवस हलक्या हाताने ठोकावयाची, मग शेंड्याचा काप घेऊन खाली मडके लटकवावयाचे, असा हा विधी आहे. कापलेले तोंड हवेने सुकते आणि रसवाहिन्या बुजतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ नवा काप, परंतु तो इतका पातळ, की एकच पोय महिनाभर पुरली पाहिजे. जाड काप घेणारा माणूस आपले उत्पन्न आपल्याच हाताने छाटतो. हातपाय खोडाला गुंतलेले, म्हणून हत्यार हलके आणि कमरेला अडकवता येण्याजोगे. रस जमा करण्यास वाळवलेला भोपळाही तसाच हलका. केरळात ठोकण्यासाठी शिसे भरलेले हाड वापरीत. ते सुटे सापडले, तर भलाभला संशोधकही त्यास गदा समजेल!

भंडारी म्हणजे केवळ माडावर चढणारा, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. १६७९ साली इंग्रजांच्या विरोधास न जुमानता खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांचे ठाणे उभे करणारा मायनाक भंडारी याच ज्ञातीचा होता. पुढे अंमल बदलला आणि सरकारची नजर माडाच्या शेंड्यावर गेली. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने रस काढण्यास परवाना लागू लागला, प्रत्येक झाडावर कर बसला, आणि कोयती आबकारीच्या दप्तराशी बांधली गेली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ती अक्षरशः निकामी झाली. न आंबलेल्या नीरेस परवान्याने वाट मोकळी राहिली खरी, परंतु माडीवर चालणारा संसार नीरेवर चालेना. उन्हाबरोबर काही तासांत आंबू लागणारा रस शुद्ध ठेवावयाचा, तर मडक्याला आतून चुना लावण्यापासून जलद वाहतुकीपर्यंत सारा खटाटोप आला. मुले मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि कोयती माळ्यावर गेली.

वस्तू परकी होण्यास शतके लागत नाहीत. कायद्याचे एक कलम आणि एक पिढी पुरते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते मानाने मांडलेले आहेत, कारण त्यांवर मोर-पोपट कोरलेले असतात. बिचाऱ्या कोयतीवर वेलबुट्टी नाही. म्हणून ज्यांच्या घरी ती असेल, त्यांनी लोहाराकडून घासून चकचकीत करून घेण्याचा मोह आवरावा. फार तर किंचित खोबरेल पुसून, मुठीसकट, कोणत्या वाडीतून आली त्याची चिठी बांधून ठेवावी. पात्याची झीज पुसली, तर उरतो तो लोखंडाचा तुकडा, आणि तो पुन्हा कोणाचा विळा म्हणून भंगारात जाईल.