शिक्का खरा, पत्र खोटं! बहामनी वजीर महमूद गवानचा बळी कसा गेला?

५ एप्रिल १४८१. बहामनी सुलतान मुहम्मदशाह तिसरा याने आपल्या सर्वांत विश्वासू वजिराला ठार करण्याचा हुकूम दिला. पुरावा काय, तर एक पत्र.

गवान कोण होता?
इराणच्या गीलानचा हा व्यापारी बीदरला आला आणि वजीरपदापर्यंत पोहोचला. १४७२ मध्ये त्याने गोवा जिंकला. त्याचा मदरसा बीदरमध्ये आजही उभा आहे.

सरदार का चिडले?
त्याने ४ प्रांतांचे ८ केले. प्रत्येक प्रांताधिकाऱ्याकडे एकच किल्ला ठेवला, बाकीचे थेट सुलतानाच्या ताब्यात. त्यात दखनी विरुद्ध परदेशी ही दरबारातली चुरस होतीच.

कट कसा रचला?
विरोधकांनी गवानचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवलं आणि कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर ओडिशाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण लिहिलं. शिक्का आपलाच, पण पत्र आपलं नाही, असं गवानने सांगितलं. दारूच्या नशेतल्या सुलतानाने चौकशीच केली नाही.

पुढे काय झालं?
सत्य कळलं तेव्हा उशीर झाला होता. पुढच्याच वर्षी सुलतानही गेला. सरदारांना आवरणारं कुणी उरलं नाही आणि बहामनी राज्याची ५ शकलं झाली.