पाटीवर नसलेलं नाव

संग्रहालयात गेलं की आपण भराभर पुढे जातो. "जुन्या वस्तू आहेत" एवढंच घरी सांगतो. त्यातून वस्तू दुसऱ्या धर्माच्या असल्या, तर आपल्याला काय कळणार, असंही वाटतं. संभाजीनगरहून गोव्याच्या सहलीला गेलेल्या आमच्या गटालाही तसंच वाटलं होतं.

जुन्या गोव्यात सांता मोनिका नावाचा मठ आहे. संसार सोडलेल्या ख्रिस्ती बायकांसाठी, म्हणजे ननसाठी, १६०६ साली तो बांधायला घेतला. तिथेच आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. ते १९९४ साली रायतूरला सुरू झालं आणि २००२ साली इथे आलं.

आत पोर्तुगीज काळातली चांदीची पात्रं, लाकडी आणि हस्तिदंती मूर्ती, भरतकामाची वस्त्रं आहेत. चांदीचा एक पेलिकन पक्षी पाहून आम्ही थबकलो. पिलं उपाशी राहू नयेत म्हणून हा पक्षी चोचीनं आपली छाती फोडून त्यांना रक्त पाजतो, अशी जुनी समजूत. ख्रिस्ती लोक त्यात येशूचा त्याग पाहतात. आम्हाला त्यात आई दिसली.

मग प्रश्न पडला, हे घडवलं कुणी? देव पोर्तुगिजांनी आणला, पण हात पुष्कळदा इथलेच होते. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत, असे हुकूम निघाले होते. तरी काम त्यांच्याकडे येतच राहिलं, कारण कसब त्यांच्याकडे होतं. त्या काळी गोव्यात घडलेल्या हस्तिदंती मूर्तींत मेंढपाळाच्या रूपातला बाळ येशू असतो. पाय दुमडलेले, गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले. पाहताना आपल्या वेरूळचा ध्यानस्थ बुद्ध आठवतो.

वस्तूंजवळच्या पाट्यांवर संताचं नाव असतं, काळ असतो. कारागिराचं नाव बहुतेक नसतंच. वेरूळलाही तेच. आपल्या आजीच्या गोधडीवर तरी कुठे असतं?

म्हणून मैत्रिणींनो, संग्रहालयात गेलात तर तीन गोष्टी विचारा. ही वस्तू कशाची आहे? कशासाठी वापरत? कुणाच्या हातची? वेळ लागला तरी चालेल, चारच वस्तू पाहा.

आम्ही परत आल्यावर एक ठरवलं. गटाच्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव आणि साल टाक्यांनी घालायचं. तुम्हीही घाला.