घोरपडीच्या तेलाचा बाजार

गुडघे धरले की वऱ्हाडात उपाय सांगणाऱ्यांना तोटा नसतो. निंदणात आणि कापूस वेचण्यात झिजलेल्या सांध्यांवर कुणी एरंडेल सुचवतो, कुणी रुईच्या पानांचा शेक, तर कुणी आवाज खाली घेऊन घोरपडीचं तेल. तेल सांध्यांना आणि मांस दम्याला, ही समजूत आजची नाही. चरकसंहितेतही बिळात राहणाऱ्या प्राण्यांच्या मांसात ‘गोधा’ म्हणजे घोरपड गणलेली आहे.

मेळघाटातल्या कोरकू गावांत आजारी माणूस भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैद्याकडे, जातो. भूमकाची मुख्य भिस्त झाडपाल्यावर आणि मंत्रावर. घोरपडीचा बाजार मात्र जंगलाबाहेर दूरवर पोचलेला आहे.

घोरपडच का? धोका दिसला की ती कपारीत शिरून अंग फुगवते आणि नखं रोवते. ओढून निघत नाही. ही ताकद खाणाऱ्यात उतरते, असा हिशेब. आफ्रिकेतही तर्क फारसा निराळा नाही. तिथे अजगराची नि मगरीची चरबी औषधात वापरतात, आणि टोगोच्या लोमे शहरातल्या अकोडेसेवा बाजारात वाळलेले सरडे उघड्यावर मांडलेले असतात.

तेलानं बरं वाटतही असेल. पण चोळल्याची ऊब आणि चोळणाऱ्याचे हात यांचं श्रेय चरबीला मिळतं. झिजलेला सांधा तिच्यानं भरून येतो, याला पुरावा नाही. सरड्यात औषध सापडलं ते अमेरिकेत, गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत. तिथल्या एका घटकावरून मधुमेहावरचं एक्सेनाटाइड तयार झालं आणि २००५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ते प्रयोगशाळेत बनतं, त्यासाठी सरडा मारावा लागत नाही.

सगळ्यात चलाख फसवणूक ‘हाथाजोडी’ची. दुर्मिळ झाडाचं मूळ म्हणून विकली जाणारी, देव्हाऱ्यात शेंदूर लावून ठेवलेली ही वस्तू म्हणजे नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय, हे २०१७ मध्ये वन्यजीव संस्थांनी उघडकीला आणलं. घरात लक्ष्मी यावी म्हणून शाकाहारी माणूस कशापुढे उदबत्ती लावत होता, ते त्याला न कळलेलंच बरं!

कायदा मात्र मूळ आणि अवयव यांत गल्लत करत नाही. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारणं, विकणं, अवयव बाळगणं यासाठी तीन ते सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड.

मांडुळाचं दुखणं आणखी निराळं. आखूड, बोथट शेपटीमुळे त्याला दोन तोंडं आहेत असं वाटतं, म्हणून तो दुतोंड्या. हा बिनविषारी साप शेतातले उंदीर खातो. पण गुप्तधन दाखवतो, असाध्य रोग बरे करतो, अशा अफवांवर त्याचे लाखोंचे सौदे ठरतात. वजन जितकं जास्त, तितका भाव. अशा सौद्यात नोटा मोजायला आलेलं गिऱ्हाईक पुष्कळदा साध्या वेशातला पोलीस किंवा वनकर्मचारी निघतं.